वाचक विचारतात : शोधपत्रिका ‘इंडेक्स’ होते म्हणजे काय होते?

मुक्त प्रवेशाच्या, म्हणजे इंटरनेटवर कुणालाही मोफत वाचता येणाऱ्या शोधपत्रिका आणि त्यांच्या सूची यांविषयी प्रश्न पाठवा, असे गेल्या अंकात कळवले होते. पत्रे आली ती संपादकांची, ग्रंथपालांची, अक्षरजुळणी करणाऱ्यांची, आणि स्वतःचा छापून आलेला लेख इंटरनेटवर शोधूनही न सापडलेल्या लेखकांची. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. शोधपत्रिका ‘इंडेक्स’ होते म्हणजे तिची आणि तिच्यातल्या लेखांची नोंद अशा सूचीत होते, आणि शोधणाऱ्याला ते तिथे सापडतात.

आमचे सामाजिक शास्त्रांचे मराठी-इंग्रजी षण्मासिक १२ वर्षे छापील निघते. आता ते ‘इंडेक्स करून घ्या’ असा संस्थेचा आग्रह आहे. अर्ज कुठे करायचा? खर्च किती? — संपादक, सातारा जिल्हा

एका ठिकाणी अर्ज दिला की सगळीकडे नोंद झाली, अशी खिडकी कुठेच नाही. सूची दोन तऱ्हेच्या असतात. काही ठिकाणी माणसे शोधपत्रिका तपासतात आणि मगच आत घेतात. तुमच्या कामाची त्यांतली पहिली म्हणजे ‘डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स’, सगळे तिला डीओएजे म्हणतात. ती २००३ साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठात ३०० शोधपत्रिका घेऊन सुरू झाली. आज तिच्यात २० हजारांहून जास्त आहेत. दुसऱ्या तऱ्हेत यंत्र, म्हणजे आपोआप चालणारा संगणकाचा प्रोग्राम, तुमच्या संकेतस्थळावर येते, वाचता येईल ते वाचते आणि घेऊन जाते. गुगल स्कॉलर, जर्मनीतल्या बीलेफेल्ड विद्यापीठाचे ‘बेस’, ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचे ‘कोर’ आणि २०२२ मध्ये सुरू झालेले ‘ओपनॲलेक्स’ या गटातले. पहिल्या गटासाठी तुमचे धोरण स्पष्ट लागते, दुसऱ्यासाठी संकेतस्थळ यंत्राला वाचता येण्याजोगे लागते. दोन्ही कामे तुमच्याच घरातली आहेत. बाहेरच्या कुणाला पैसे देऊन ती होत नाहीत.

कामाचा क्रम सांगतो. आधी संकेतस्थळ उभे करा आणि त्यावर निदान एक अंक चढवा. कॅनडातल्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टची ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ ही प्रणाली, म्हणजे ओजेएस, मोफत आहे आणि तिच्यात प्रत्येक लेखाला स्वतंत्र पान आपोआप मिळते. मग ऑनलाइन आवृत्तीचा वेगळा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाची ओळख सांगणारा आठ आकडी क्रमांक, घ्या. मग धोरणांची पाने लिहा. त्या पानांवर लिहिल्याप्रमाणे दोन अंक वेळेवर काढा, आणि त्यानंतर डीओएजेकडे अर्ज करा. अंक काढण्याआधीच अर्जाची घाई झाली तर तपासणाऱ्याला दाखवायला हातात काही नसते.

खर्चाचे म्हणाल तर आयएसएसएनला शुल्क नाही, डीओएजेच्या अर्जाला नाही, गुगल स्कॉलरला नाही. डोमेन आणि सर्व्हरचे वर्षाला काही हजार रुपये लागतील. खरा खर्च माणसाच्या वेळेचा. महिन्यातले काही दिवस फक्त याच कामाला देणारी एक व्यक्ती नेमा, आणि तिचे नाव व जबाबदारी संस्थेच्या ठरावात लिहून ठेवा.

छापील अंकावरचा आयएसएसएन संकेतस्थळावर टाकला तर चालेल ना? नाव आणि अंक तर तेच आहेत. — ग्रंथपाल, लातूर

नाही चालत. छापील आणि ऑनलाइन ही दोन माध्यमे, आणि दोघांना दोन क्रमांक. भारतात ते दिल्लीच्या निस्पर या संस्थेतले राष्ट्रीय केंद्र देते. दोन्ही क्रमांक एकाच शोधपत्रिकेचे आहेत हे सांगणारा जोड-क्रमांक पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय केंद्राच्या नोंदीत असतो, तेव्हा गोंधळ होईल ही भीती नको. संकेतस्थळ रिकामे असताना ऑनलाइन क्रमांकाचा अर्ज करू नका; त्यावर खरा, वाचता येईल असा अंक हवा.

अडचण क्रमांक मिळाल्यावर सुरू होते. अंक प्रसिद्ध होण्याआधीच कुणाला क्रमांक मिळाला असेल, तर तो ‘तात्पुरता’ म्हणून नोंदलेला असतो. पहिला अंक निघाला की केंद्राला कळवायचे असते, म्हणजे नोंद पक्की होते. हे कळवणेच अनेक जण विसरतात. डीओएजे मात्र पक्की नोंद पाहिल्याशिवाय पुढे सरकत नाही. दुसरी गोष्ट नावाची. आयएसएसएनच्या नोंदीत जे नाव आहे तेच अक्षरन् अक्षर संकेतस्थळाच्या माथ्यावर, पीडीएफच्या पहिल्या पानावर आणि अर्जात हवे. नोंदीत फक्त मराठी नाव आणि संकेतस्थळावर त्यापुढे ‘ॲन इंटरनॅशनल रिसर्च जर्नल’ अशी शेपटी, एवढ्यावरून अर्ज परत आलेले आहेत. नाव बदलायचेच असेल तर आधी केंद्राला विचारा. मोठ्या बदलाला नवा क्रमांक लागतो.

क्रमांक छापताना एक आकडा चुकला तर ते पकडण्याची सोय आयएसएसएनमध्येच आहे. आठ आकड्यांतला शेवटचा हा तपासणी-अंक. उदाहरणार्थ ०३७८-५९५५ घ्या. पहिल्या सात आकड्यांना डावीकडून क्रमाने ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा: ० + २१ + ४२ + ४० + २० + २७ + १० = १६०. तिला ११ ने भागले की बाकी ६. अकरातून सहा गेले, उरले ५, आणि शेवटचा आकडा ५ च आहे. बाकी शून्य आली तर तपासणी-अंक शून्य असतो, आणि वजाबाकीचे उत्तर १० आले तर त्या जागी रोमन ‘एक्स’ लिहितात. तुमच्या क्रमांकाला हा हिशेब जुळला नाही तर कुठेतरी मुद्रणदोष आहे हे नक्की.

आणि आयएसएसएन हा दर्जाचा शिक्का नव्हे. साप्ताहिकालाही तो मिळतो. मुखपृष्ठावर ‘आयएसएसएन मान्यताप्राप्त’ असे छापणे थांबवा.

तीन वर्षे झाली, सगळे अंक पीडीएफ करून संकेतस्थळावर आहेत. गुगल स्कॉलरवर एकही लेख दिसत नाही. तक्रार कुणाकडे करायची? — सहसंपादक, कोल्हापूर

तक्रारीआधी दोन मिनिटांची एक तपासणी करा. कुठलीही एक पीडीएफ उघडा, मजकुराची एक ओळ निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीतल्या शोधपत्रिकांचे निम्मे दुखणे या ओळीत दिसते.

चिकटवल्यावर रोमन अक्षरे आणि चित्रविचित्र चिन्हे आली, तर अंकाची जुळणी श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये झाली आहे. या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत साठवलेला असतो तो एखाद्या रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा संकेत. माणसाचा डोळा फसतो, यंत्र फसत नाही. त्याच्या दृष्टीने तुमचा अख्खा अंक निरर्थक अक्षरांचा ढीग आहे. ओळ निवडताच आली नाही, तर दोन शक्यता. एक म्हणजे पान स्कॅन केलेले चित्र आहे. दुसरी, प्रेसला पाठवलेली फाइलच तुम्ही चढवली आहे. फॉन्ट बदलून घोटाळा होऊ नये म्हणून डीटीपीवाले प्रेसच्या फाइलमधली अक्षरे ‘कर्व्ह’ करतात, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृती उरतात. छपाईला ते योग्यच आहे. संकेतस्थळासाठी मात्र वेगळी फाइल काढून घ्यायला हवी, आणि हे काम देतानाच सांगायला हवे.

ओळ मराठीत आली, पण जोडाक्षरे तुटलेली आणि ह्रस्व वेलांटी भलत्या अक्षरावर गेलेली, तर जुळणी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेत असलेल्या पद्धतीत आहे, पण पीडीएफ तयार होताना अक्षरांचा क्रम बिघडला आहे. इनडिझाइन हे पानजुळणीचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर लावला आहे का ते पाहा. तरीही देवनागरी पीडीएफमधून मजकूर शंभर टक्के शुद्ध बाहेर येईल याची खात्री देता येत नाही. म्हणून आमचा आग्रह असा: पीडीएफच्या जोडीला लेखाची एचटीएमएल (वेबपानाच्या रूपातली) प्रत ठेवा. ती शक्य नसेल तर निदान शीर्षक, लेखकाचे नाव, सारांश, बीजशब्द आणि संदर्भसूची लेखाच्या पानावर युनिकोडमध्ये टाका. यंत्र आधी तेच वाचते.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेण्याची साधने आहेत, पण रूपांतर झाले की मुद्रितशोधन संपूर्ण करावे लागते. चुका ठरावीक जागी होतात: रफार, ‘ऱ्य’, ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’, अर्धी अक्षरे, आकडे. सगळ्यांत वाईट म्हणजे मूळ लेखातली इंग्रजी अवतरणे आणि संदर्भ. त्यांचा फॉन्ट वेगळा आहे हे साधनाने ओळखले नाही तर अख्खी संदर्भसूची देवनागरी कचऱ्यात बदलते. मराठी आणि इंग्रजी तुकडे आधी वेगळे करून मगच रूपांतर करा. ‘ॲ’सुद्धा तपासा. एकाच जागी हे अक्षर काही जण ‘अ’वर चंद्र देऊन टंकतात, काही जण स्वतंत्र अक्षर म्हणून. दिसायला सारखे, पण शोधताना वेगळे. अंकभर एकच पद्धत ठेवा.

मजकूर ठीक असेल तर मांडणीकडे वळा. गुगल स्कॉलरला एका लेखाला एक पत्ता लागतो. १८० पानांचा अख्खा अंक एकाच पीडीएफमध्ये असेल तर त्यातले १५ लेख त्याला वेगळे दिसत नाहीत. प्रत्येक फाइल ५ एमबीच्या आत हवी. संकेतस्थळाच्या पहिल्या पानापासून दुव्यावर दुवा करत जास्तीत जास्त दहा टप्प्यांत लेखापर्यंत पोहोचता आले पाहिजे. ‘अंक शोधा’ अशी नुसती पेटी ठेवली तर यंत्र तिच्यात काही टंकत नाही. सारांश कुठलेही बटण न दाबता दिसायला हवा. ओजेएसमध्ये गुगल स्कॉलरचे प्लगइन (जोडता येणारी सोय) असते, ते सुरू आहे याची खात्री करा. शीर्षक, लेखक, दिनांक, पीडीएफचा पत्ता या खुणा तेच पानाच्या पोटात लिहिते. स्वतः बनवलेल्या संकेतस्थळावर या खुणा हाताने घालाव्या लागतात. त्या नसतील तर यंत्र पीडीएफच्या पहिल्या पानावरून अंदाज बांधते, आणि तेव्हा शीर्षक सर्वांत मोठ्या टाइपात, २४ पॉइंट किंवा जास्त, आणि त्याच्या लगेच खाली लेखकाचे नाव त्याहून लहान टाइपात असले तरच ते बरोबर ओळखले जाते. अनेक अंकांत पहिल्या पानावर सर्वांत मोठे अक्षर शोधपत्रिकेच्या नावाचे असते. मग प्रत्येक लेखाचे शीर्षक म्हणून यंत्र तेच नाव उचलते.

सर्व्हरवाल्याने सुरक्षेसाठी यंत्रांना अडवणारी भिंत उभी केली आहे का, हेही विचारा. चांगल्या यंत्रांनाही ती अडवते. दुरुस्ती केल्यावर धीर ठेवावा लागेल. नवे लेख लवकर येतात, पण आधीच चुकीची नोंद झालेल्या लेखांची दुरुस्ती दिसायला ६ ते ९ महिने, कधी वर्षही जाते.

डीओएजेने आमचा अर्ज नाकारला. ‘धोरणात विसंगती’ एवढेच कळले. शोधपत्रिका चांगली आहे, लेख तपासून घेतो. मग चूक काय? — संपादक मंडळ, नागपूर

चांगले असणे आणि ते चांगलेपण संकेतस्थळावर लिहिलेले असणे यांत इथे अंतर पडते. तपासणारी माणसे तुमच्या बैठकांना नसतात. पानावर लिहिलेले तेवढेच त्यांना दिसते, आणि दोन पानांवर दोन गोष्टी लिहिल्या असतील तर दोन्ही दिसतात.

नेहमीची विसंगती परवान्याची असते. धोरणाच्या पानावर ‘सीसी बाय’ हा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना, म्हणजे श्रेय द्या आणि हवे तसे वापरा. संकेतस्थळाच्या तळाशी ‘सर्व हक्क राखीव’. पीडीएफवर ‘संपादकांच्या लेखी परवानगीशिवाय पुनर्मुद्रण करू नये’. तीन जागी तीन कायदे. परवाना आधी ठरवा, आणि मग तळटीप, पीडीएफचा साचा, लेखकाकडून घेतला जाणारा संमतीचा कागद आणि धोरणाचे पान सगळे त्याला जुळवून घ्या. हक्क लेखकाकडे राहतात की प्रकाशकाकडे जातात, हेही एका वाक्यात लिहा. दोन्ही चालते, गप्प बसलेले चालत नाही.

मग शुल्क. लेखकाकडून काहीच घेत नसाल तर ‘शुल्क नाही’ असे स्पष्ट लिहावे लागते. काही न लिहिणे म्हणजे शुल्क नाही असे कुणी गृहीत धरत नाही. ‘सभासदत्व’, ‘प्रक्रिया खर्च’, ‘छापील प्रतीचे पैसे’ अशा नावांनी लेखकाला जे द्यावे लागते ते सगळे शुल्कच. छापील अंकाची वर्गणी घ्यायला हरकत नाही. ऑनलाइन अंक मात्र प्रसिद्ध होताक्षणी, नाव-नोंदणी न मागता खुला हवा. वर्गणीदार टिकावेत म्हणून सहा महिन्यांनी खुला करणे मान्य नाही.

परीक्षणाच्या पानावर ‘तज्ज्ञांकडून तपासले जाते’ एवढे वाक्य पुरत नाही. किती परीक्षक (किमान दोन), लेखकाचे नाव त्यांना कळते की नाही, निर्णय कोण घेते, सरासरी किती आठवडे लागतात, हे लिहा. अर्जात लेख आल्यापासून छापेपर्यंतचे आठवडे विचारतातच. कला आणि मानव्यविद्यांच्या शोधपत्रिकांना दोन संपादकांनी मिळून केलेले संपादकीय परीक्षणही चालते, पण तेही तसे जाहीर करायला हवे.

संपादक मंडळात किमान पाच जण, प्रत्येकाचे पूर्ण नाव आणि संस्था. ‘सल्लागार : मान्यवर कुलगुरू’ अशी शोभेची यादी उपयोगी नाही. ज्यांना आपण मंडळावर आहोत हे माहीतच नाही अशी नावे आजच काढा. मग लेखांची मोजणी करा. शेवटच्या दोन्ही अंकांत, प्रत्येकी, संपादक, मंडळ-सदस्य किंवा परीक्षक यांचे लेख २५ टक्क्यांहून जास्त नकोत. आठ लेखांच्या अंकात दोन चालतील. सहा लेखांच्या अंकात एकच, कारण दोन म्हणजे ३३ टक्के झाले. लहान अंकांचे अर्ज या गणितात हमखास अडकतात. वर्षाला किमान पाच शोधनिबंध हवेत. आणि शोधपत्रिका एक वर्षाहून जुनी किंवा निदान दहा मुक्त निबंध प्रसिद्ध झालेली हवी.

संकेतस्थळ मराठी आणि इंग्रजी असेल तर दोन्हींतली माहिती तंतोतंत एक हवी. आमच्याकडे नेमके उलट होते: इंग्रजी पान दुसरीकडून उचललेले आणि मराठी पान खरे. उचललेल्या पानावर तर चक्क दुसऱ्याच शोधपत्रिकेचे नाव राहून गेलेले दिसते. आधी मराठीत आपले खरे धोरण लिहा, मग तेच इंग्रजीत करा. मराठी शोधपत्रिका म्हणून डीओएजेत कुणी मागे पडत नाही. भाषा कुठलीही चालते.

पुढचा अर्ज नकारानंतर सहा महिन्यांनी करता येतो. हा काळ दुरुस्तीला पुरेसा आहे. अर्जात रोज उघडला जाणारा ई-मेल द्या आणि स्पॅमचा कप्पाही पाहत राहा. विचारणा येते, उत्तर जात नाही आणि अर्ज निकाली निघतो. प्रवेश मिळाल्यावर काम संपत नाही. लेखांची माहिती तुम्ही डीओएजेत भरली तरच तिथे लेख सापडतात. ओजेएसमध्ये त्यासाठी निर्यातीचे प्लगइन आहे. प्रत्येक अंक निघाला की त्याच आठवड्यात ते चालवा.

डीओआय नसेल तर सूचीत घेत नाहीत असे ऐकले. तो घ्यायला डॉलरमध्ये पैसे लागतात. काय करावे? — संपादक, जळगाव

डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक. डीओएजेला त्याची सक्ती नाही. गुगल स्कॉलरलाही नाही. पण ओपनॲलेक्ससारख्या ठिकाणी बरीचशी माहिती क्रॉसरेफकडून, म्हणजे डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेकडून, जाते, आणि क्रॉसरेफ डीओआयवर चालते. म्हणून जमले तर घ्यावा. क्रॉसरेफचे वार्षिक सभासदत्व प्रकाशकाच्या उत्पन्नाप्रमाणे ठरते, शिवाय चालू लेखामागे १ डॉलर आणि जुन्या लेखामागे ०.१५ डॉलर. वर्षाला १६ लेख काढणाऱ्याला लेखांचा खर्च जड नाही, सभासदत्वाचा आहे. प्रायोजक संस्थेमार्फत गेले तर तो वाटला जातो. पैसे नसतील तर युरोपातल्या सर्न या संशोधन केंद्राच्या झेनोडो या भांडारात लेख ठेवता येतो. तिथे डीओआय मोफत मिळतो. मात्र एका लेखाला दोन डीओआय घेऊ नका. उल्लेख दोन जागी विभागले जातात.

पीडीएफवर डीओआय छापला आणि नोंदणी केलीच नाही, हा प्रकार फार दिसतो. असा क्रमांक दाबला की ‘सापडत नाही’ असे उत्तर येते, आणि तपासणारा पहिल्यांदा तोच दाबून पाहतो. क्रमांकाच्या शेपटात देवनागरी अक्षरे किंवा मोकळी जागा घालू नका. रोमन अक्षरे, आकडे, टिंब, आडवी रेघ एवढे पुरे. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तर क्रॉसरेफला नवे पत्ते कळवणे ही सभासदाचीच जबाबदारी आहे.

ई-मेल आला आहे: ‘तुमची शोधपत्रिका २५ आंतरराष्ट्रीय सूचींत नोंदवू, इम्पॅक्ट फॅक्टर ६ पेक्षा जास्त देऊ, फक्त ४,५०० रुपये.’ घ्यावे का? — प्राध्यापक, नांदेड

घेऊ नका. ‘जर्नल इम्पॅक्ट फॅक्टर’ म्हणजे लेखामागे सरासरी किती उल्लेख झाले याची मोजणी. ती एकाच कंपनीची, क्लॅरिव्हेटची आहे, आणि ती विकत मिळत नाही. स्कोपस ही सूचीसुद्धा तपासणीचे पैसे घेत नाही. ती २५ ठिकाणे म्हणजे बहुधा उल्लेखासाठी कुणीही ज्यांकडे पाहत नाही अशी संकेतस्थळे. नुकसान साडेचार हजारांवर थांबत नाही. असा खोटा आकडा आणि बिल्ल्यांची रांग मुखपृष्ठावर लागली की डीओएजेच्या तपासणाऱ्याचा विश्वास पहिल्याच पानावर उडतो. ज्यांनी पूर्वी लावले असतील त्यांनी ते काढून टाकावेत, जुन्या पीडीएफच्या माथ्यावरूनसुद्धा.

यूजीसी-केअर यादीत जायचे होते. आता काय? — संपादक, पुणे जिल्हा

मान्य शोधपत्रिकांची ती यादी यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि तिच्या जागी शोधपत्रिका निवडण्याचे सूचक निकष दिले. आता पारख संस्थेने करायची आहे. ‘आम्ही यूजीसी-केअरमध्ये आहोत’ हे वाक्य संकेतस्थळावरून उतरवा. वर सांगितलेली धोरणाची पाने नीट असतील तर या नव्या पारखीलाही तीच दाखवता येतात.

१९८५ पासूनचे अंक स्कॅन करून खुले करायचे आहेत. लेखकांची परवानगी लागते का? — ग्रंथपाल, पणजी

लागते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे बाहेरच्या लेखकाने दिलेल्या लेखाचा पहिला मालक लेखकच, आणि हक्क लेखी कागदाशिवाय हस्तांतरित होत नाहीत. कागद असला तरी त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. १९८५ च्या अंकासाठी इंटरनेटची परवानगी कुणी लिहून घेतली असण्याचा संभव जवळजवळ नाही. लेखक हयात नसतील तर हक्क वारसांकडे, निधनानंतर ६० वर्षांपर्यंत.

कामाची पद्धत अशी ठेवा. प्रत्येक लेखकाला एका पानाचे पत्र: लेखाचे नाव, अंक, कोणत्या परवान्याखाली खुला करणार, सहीची जागा. होकार आला तो लेख पूर्ण चढवा. पत्ता लागत नाही त्याचे शीर्षक, लेखक, पृष्ठांक एवढीच नोंद ठेवा. तीसुद्धा अभ्यासकाला छापील अंकापर्यंत नेते. डीओएजेच्या अर्जात कोणत्या वर्षापासून सगळा मजकूर खुल्या परवान्याखाली आहे हे विचारतात. तिथे खरे वर्ष लिहा. जुने अंक बंद आहेत म्हणून अर्ज अडत नाही.

स्कॅन ३०० डीपीआयने करा आणि मराठी ओळखणारे ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे मजकुरात बदलणारे साधन, चालवा. टेसरॅक्ट मोफत आहे आणि त्यात मराठीची सोय आहे. जुन्या खिळ्यांच्या छपाईत ते चुकते, म्हणून किमान शीर्षक आणि नाव हातानेच टंकून घ्या.

माझे लेख तीन वेगवेगळ्या नावांवर दिसतात. एका ठिकाणी तर माझे पहिले नाव ‘प्रा’ आहे! — लेखिका, मडगाव

चूक लेखाची माहिती भरणाऱ्याची आहे. आपल्याकडे आडनाव, नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव असा क्रम लिहितात. सूचीत ‘नाव’ आणि ‘आडनाव’ अशा दोन पेट्या असतात. कुणीतरी सगळे नाव एकाच पेटीत, ‘प्रा. डॉ.’सकट टाकले की यंत्र ‘प्रा’लाच नाव समजते. पदव्या नावाच्या पेटीत कधीच नकोत. शिवाय एकच आडनाव रोमनमध्ये कधी ‘आय’ने संपवतात, कधी ‘डबल ई’ने. एक लेखन ठरवा आणि आयुष्यभर तेच ठेवा. लग्नानंतर नाव बदलले असेल तर दोन्ही नावे जोडायला संशोधकाची ओळख सांगणारा ऑर्किडचा १६ आकडी क्रमांक उपयोगी पडतो. तो व्यक्तीला मोफत मिळतो. संपादकांनी लेख स्वीकारतानाच लेखकाकडे तो मागावा, आणि लेखकाला देवनागरी व रोमन अशी दोन्ही नावे स्वतः लिहून द्यायला सांगावे.

संकेतस्थळ बनवणाऱ्याने फोन उचलणे बंद केले आणि एके दिवशी आमच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात दिसू लागली. सूचीतली नोंद जाईल का? — संपादक, ठाणे

जाऊ शकते. संकेतस्थळ बंद असलेल्या किंवा दुसऱ्याच्या हातात गेलेल्या शोधपत्रिका डीओएजे काढून टाकते. आजच त्यांना लिहून कळवा. गप्प राहण्यापेक्षा ते बरे.

नंतर दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासा. डोमेनची मुदत संपून ते दुसऱ्याने घेतले, की डोमेन तुमचेच आहे पण ओजेएसमध्ये कुणी घुसले? पहिले असेल तर पत्ता बहुधा गेला. नवे डोमेन घ्या, ते संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ई-मेलवर नोंदवा (बनवणाऱ्याच्या नव्हे), पाच वर्षांचे पैसे एकदम भरा, आणि आयएसएसएन केंद्र, क्रॉसरेफ, डीओएजे तिघांनाही नवा पत्ता द्या. दुसरे असेल तर कारण बहुतेक वेळा जुनी, अद्ययावत न केलेली आवृत्ती असते, किंवा लेखांच्या मूळ फायलींचा फोल्डर सर्व्हरवर सार्वजनिक जागेत ठेवलेला असतो. तो जाळ्यावरून उघडता येणार नाही अशा जागी हवा. ओजेएसच्या सूचनांतच तसे लिहिले आहे, तरी घाईत ते राहते.

बॅकअप म्हणजे नुसत्या पीडीएफ नव्हेत. डेटाबेस, फायलींचा फोल्डर, ‘पब्लिक’ फोल्डर आणि कॉन्फिगरेशनची फाइल अशा चारही गोष्टी दर महिन्याला उतरवून ग्रंथालयाच्या संगणकावर ठेवा, आणि वर्षातून एकदा दुसऱ्या यंत्रावर त्या उभ्या राहतात का ते पाहा. ओजेएस वापरणाऱ्या आणि आयएसएसएन असलेल्या शोधपत्रिकांना पब्लिक नॉलेज प्रोजेक्टचे (पीकेपी) जतन-जाळे मोफत आहे. प्लगइन बसवून अटी मान्य केल्या की अंकांच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी साठतात. डीओएजेच्या अर्जात जतनाच्या सोयीचा प्रश्न आहेच, तिथे हे लिहिता येईल. नवे संकेतस्थळ उभे राहिले की पहिल्या अंकाबरोबरच ते प्लगइन सुरू करा.